शेगडीला तीन आगी

बेंगळुरूत लाकडाची शेगडी? तीही हॉलमध्ये? आणि तिला रंग तुम्ही देता? हे तीन प्रश्न मला कुठल्याही लग्नात पान वाढायच्या आत विचारले जातात. चौथा प्रश्न लोक मनात ठेवतात, पण तो चेहऱ्यावर दिसतोच. एकोणसत्तराव्या वर्षी या बाईंना दुसरं काही सुचलं नाही का? नाही सुचलं. सुचलं असतं तरी मी हेच केलं असतं, कारण इतकी मजा मला अख्ख्या नोकरीत आली नाही.

नोकरी मी एकतीस वर्षं केली, एका सरकारी कारखान्याच्या रंगखात्यात. काम तपासनिसाचं. रंगून आलेला प्रत्येक भाग उजेडात धरायचा, कुठे फुगा आलाय, कुठे ओघळ, कुठे रंगाने धरलेलंच नाही हे शोधायचं आणि लाल खडूने फुली मारायची. "कुंदाक्का बंद्रु," म्हणजे कुंदाअक्का आल्या, असं कुणी पुटपुटलं की चहाचे ग्लास गडप व्हायचे. निवृत्त झाल्यावर फुली मारायला काही उरलं नाही. पहिले सहा महिने मी शेजाऱ्यांच्या गाड्यांचे दरवाजे तिरप्या नजरेने तपासत फिरले. शेजारी गाड्यांवर कव्हर घालायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याला उद्योग हवा.

तो शहरातल्याच हेब्बाळहून आला. पुण्याचं एक जोडपं, दोघंही आयटीत, आमची ओळख हळदीकुंकवातली. तळ्याच्या बाजूला त्यांनी मोठं घर घेतलं होतं आणि बिल्डरने हॉलमध्ये परदेशी शेगडी बसवून दिली होती. मुलगी फोनवर रडकुंडीला आली होती. "काकू, ॲक्च्युअली शेगडीचा ब्लॅक सोफ्याला मॅच होत नव्हता, म्हणून आम्ही गोल्डन ऑइलपेंट मारला. आता पेटवली की अख्खा हॉल स्मेल करतो आणि गोल्ड खाली ड्रिप होतं!"

मी गेले. कार्पेटवर खरोखरच सोन्याचे थेंब पडले होते. त्या घरात मी हसले नाही. रिक्षात बसल्यावर मात्र इतकी हसले की रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "अक्का, स्वल्प नीरु बेका?" थोडं पाणी हवंय का म्हणून. दुसऱ्या दिवशी तारेचा ब्रश घेऊन गेले, सगळं सोनं खरवडून काढलं आणि त्या शेगडीला तिचा काळा रंग परत दिला. तिथून तोंडोतोंडी बातमी पसरली आणि मी शेगडीवाली झाले.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बिडाची जाड पेटी, खाली चार पाय, पुढे काचेचं दार, मागून निघून गच्चीच्या वर जाणारं धुराडं. आपल्याकडचा पाणी तापवायचा बंब आठवा, त्यातलं पाणी काढून टाका आणि त्याला हॉलमध्ये सोफ्याशेजारी मानाने बसवा. कॅन्टोन्मेंटच्या जुन्या घरांत अशा शेगड्या पूर्वीपासून आहेत, आणि आता शहराबाहेरच्या नव्या घरांत शोभेसाठी येतात. इथली थंडी फार तर अडीच महिन्यांची. उरलेलं वर्षभर शेगडी रिकामी बसते, आणि रिकामी बसलेली वस्तू लोकांना बघवत नाही. तिच्यावर मनीप्लांटच्या कुंड्या येतात, मग गणपती येतो, मग पाण्याचा जग. नोव्हेंबरात पहिली थंडी पडली की सगळं उचलतात आणि खाली गंजाची गोल गोल वर्तुळं सापडतात. मग मला फोन.

काम अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. दारात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघून आली तर दाराच्या कडेची दोरी, ती न जळणाऱ्या धाग्यांची असते, थकली असं समजायचं. काचेवरची काजळी ओल्या कागदाला तिथलीच राख लावून पुसायची, महागडं काही लागत नाही. लाकडं एकमेकांवर आपटून बघायची. खणखणीत वाजली तर सुकी, थप्प वाजली तर अजून वर्षभर थांबा. आणि रंग. तो आगीला टिकणारा असतो, स्प्रेच्या डब्यात मिळतो, पण नुसता मारून तो पक्का होत नाही. त्याला भाजावं लागतं. पहिली आग लहान, दुसरी मध्यम, तिसरी भरपूर, आणि प्रत्येकीनंतर शेगडी पूर्ण गार होऊ द्यायची. पहिल्या आगीला असा वास सुटतो की यजमानांना वाटतं, बाईंनी घर पेटवलं. सगळ्या खिडक्या उघडायच्या, माणसांनी बाहेर बसायचं, आणि घरात पोपट असेल तर त्याला आधी शेजारी पाठवायचं, कारण पाखरांना तो धूर सोसत नाही. एकदा एका घरी पोपट शेजारी गेला आणि तिथेच रमला. त्याचं खापरही माझ्यावरच फुटलं.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, ती केली नाही तर बाकीचं व्यर्थ. रंग मारायच्या अगदी आधी, म्हणजे डबा हातात घेण्यापूर्वी, शेगडी थिनरने पुसायची. कालची पुसलेली चालत नाही. लोखंडावर तेलाचा नुसता हात लागलेला असला तरी रंग वर बसतो, छान दिसतो, आणि आग लागली की सुटतो. कारखान्यात मी याच एका कारणासाठी किती फुल्या मारल्या असतील! दर आयुधपूजेनंतर, म्हणजे आपल्या खंडेनवमीनंतर, पहिली खेप हमखास बाद व्हायची, कारण कुणीतरी भक्तिभावाने भागांनाच कुंकू लावलेलं असायचं. मी अख्ख्या खात्याला ओळीत उभं करून भाषण द्यायची. हे एवढं सगळं सांगते, कारण पुढे जे झालं ते भाषण देणाऱ्या बाईच्या हातून झालं.

विनायकरावांचा फोन दिवाळीच्या तोंडावर आला. ते एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ, वय शहात्तर, बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या पलीकडे कॅन्टोन्मेंटच्या एका शांत गल्लीत राहणारे. त्यांच्याकडची शेगडी त्यांनी कधीकाळी एका बंगल्याच्या लिलावातून आणलेली. "कुंदाबाई," ते म्हणाले, "मला पाडव्याच्या आत ही शेगडी धूर न करणारी आणि देखणी करून हवी. नाहीतर ती जाणार."

"कुठे जाणार?"

"गुजरीत." गुजरी म्हणजे आमच्याकडचं भंगार. "माझ्या बायकोने गुजरीवाला ठरवूनसुद्धा टाकलाय."

झालं होतं असं. त्यांच्या पत्नी मालतीताई मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने पुण्याला गेल्या होत्या. जाताना दारात उभं राहून त्यांनी सांगितलं होतं की या धुराने माझे पडदे काळे झाले, माझा खोकला जात नाही, हॉलभर गंज सांडतो. मी पाडव्याला परत येईन. त्या दिवशी ती शेगडी धूर करत असली तर सलीमभाई येऊन घेऊन जाईल, मी त्याला दिवस सांगून ठेवलाय. आणि मालतीताईंनी दिवस सांगितला की तो दिवस बदलत नाही, असं विनायकराव म्हणाले.

दिवाळीत रंगाचं काम कोण घेतं? मीही नाही म्हणणार होते. पण पाहायला गेले तेव्हा त्यांनी मला शेगडीसमोर बसवलं आणि अगदी सरळ सांगितलं. "मला घरातलं काही येत नाही. भात लावता येत नाही, तिच्या फोनवरून बिलं भरता येत नाहीत. रिटायर झाल्यापासून एकच गोष्ट जमली. थंडीत पहाटे उठतो, शेगडी पेटवतो, तिच्यावर चहा ठेवतो आणि मालतीला अंथरुणात नेऊन देतो. ती धुराला शिव्या घालत चहा पिते, पण पिते. शेगडी गेली तर मी तिला काय देणार?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाले.

धुराचं कारण तासाभरात सापडलं. गच्चीवर धुराड्याच्या टोपीत साळुंकीने घरटं केलेलं, रिकामं, पण भक्कम. आत बोटभर जाडीचा डांबरासारखा थर. दाराची दोरी तर अशी निघाली की हातात धरताच तिचा भुगा झाला. घरटं काढलं, धुराडं ब्रशने वरून खाली घासलं, नवी दोरी बसवली. मग तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन शेगडीचा सगळा गंज उतरवला. दुपारी थिनरने पुसली तेव्हा ती अशी राखाडी, उघडी, नितळ दिसत होती की मला स्वतःचाच हेवा वाटला. कामाचा कागद लिहून भिंतीला चिकटवला: उद्या रंग, परवा सकाळी पहिली आग, तेरवा दुसरी, नंतर तिसरी. विनायकरावांना बजावलं, "आता हिला कुणी हात लावायचा नाही."

"प्रश्नच नाही," ते म्हणाले.

दुसरा दिवस नरकचतुर्दशीचा. पहाटे अभ्यंग, मग फराळ, मग घरी आलेली माणसं, त्यात चकल्यांचा घाणा शेवटपर्यंत संपेना. मी त्यांच्याकडे पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. थिनरची बाटली पिशवीतच होती. मी विचारलं, "कुणी हात नाही ना लावला?" ते म्हणाले, "छे." मी खिडकीतल्या उजेडात शेगडी पाहिली. नितळ. आणि मी, कुंदाअक्का, एकतीस वर्षांची तपासनीस, बाटली न काढता सरळ स्प्रेचा डबा हलवायला घेतला. पातळ तीन थर दिले. काय दिसत होती शेगडी! मखमल जणू. मी घरी गेले आणि रात्रीच्या जेवणाला दोन करंज्या जास्त खाल्ल्या.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पहिली आग. खिडक्या सताड उघडल्या, आम्ही दोघं स्वेटर घालून दारात खुर्च्या टाकून बसलो. आतून वास यायला लागला, तो अपेक्षितच होता. धूर मात्र सगळा सुतासारखा सरळ वर जात होता, हॉलमध्ये एक वळसाही नाही. विनायकराव बाहेर जाऊन धुराड्याकडे बघत, आत येऊन छताकडे बघत, पुन्हा बाहेर जात. लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. "बघा, बघा, कुंदाबाई! ही शेगडी कुठेही जात नाही!"

अर्ध्या तासाने मी जवळ जाऊन पाहिलं. डाव्या बाजूवर फुगे आले होते. बारीक, एकाला लागून एक. माझ्या डोळ्यांदेखत त्यातला एक फुटला आणि रंगाचा पापुद्रा गुंडाळत खाली पडला.

मी प्रथम रंगाला शिव्या दिल्या. मग रंग घेतला त्या शिवाजीनगरच्या दुकानदाराला फोन लावला, सणाच्या दिवशी, आणि जुना माल खपवल्याचा आरोप करून त्याला नको नको ते बोलले. तो बिचारा "अक्का, पूजा चल रही है, अक्का" एवढंच म्हणत राहिला. त्याची माफी मी नंतर पेढे नेऊन मागितली, पण ती जीभ आठवली की आजही मान खाली जाते. विनायकराव माझ्या मागे उभे राहून शांतपणे म्हणाले, "मला वाटतं, बिडाच्या प्रसरणाचा गुणांक सगळीकडे समान नसावा."

एव्हाना पापुद्रे भराभर सुटत होते. मी टॉर्च मारला. मधोमध तळव्याएवढा गोल उघडा पडला. त्याच्या वरून एक पट्टी निघाली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी, आणि बाजूला आखूड पाचवी.

मी वळले. "विनायकराव, गुणांकाला पाच बोटं असतात का?"

शास्त्रज्ञांनी उजवा हात हळूच स्वेटरच्या खिशात घातला.

"काढा," मी म्हटलं. रंगखात्यात चोरून विडी ओढणाऱ्यांना म्हणायची, अगदी त्या आवाजात. त्यांनी हात काढला आणि शेगडीसमोर हवेत धरला. माप बरोब्बर.

मग सगळं बाहेर आलं. आमच्या बाजूला नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा सण असतो. न्हाणीघरातला हंडा घासूनपुसून त्याला चुन्याचे आणि कावेचे, म्हणजे गेरूचे, पट्टे ओढायचे, फुलं वाहायची आणि दुसऱ्या दिवशीच्या अभ्यंगासाठी तो भरून ठेवायचा. मालतीताईंच्या घरातला हंडा गीझर आल्यावर मोडीत गेला. पण सण कसा सोडायचा? घरात लाकूड जाळणारी वस्तू एकच उरली होती. त्यामुळे वर्षभर ज्या शेगडीशी भांडायचं, तिचीच मालतीताई त्या एका संध्याकाळी पूजा करत. वर तांब्याचा कलश, पुढे कुंकवाचा पंजा. दरवर्षी नवऱ्याला म्हणत, तुम्हीही हात उमटवा. आणि दरवर्षी विनायकराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता गरम पाण्याच्या इतिहासावर भाषण देत.

त्या वर्षी मालतीताईंचा पुण्याहून फोन आला. "पाणी भरलंत का?" विनायकरावांनी सवयीने ठोकून दिलं, "भरलं." फोन ठेवला आणि त्यांना करमेना. दोन महिने रिकाम्या घरात राहिल्यावर माणसाला खोटं बोललेलं टोचत असावं. त्यांनी देवघरातून कुंकू काढलं.

"पण तुम्ही इतकं घासूनपुसून ठेवलं होतंत," ते मला समजावत होते. "उघडं बीड. त्यावर पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं तर सकाळपर्यंत गंजणार. म्हणून मी विचार केला आणि तेलात कालवलं. तेलाने गंज चढत नाही. नंतर फडक्याने स्वच्छ पुसूनही घेतलं, तुम्हाला त्रास नको म्हणून."

मी कपाळाला हात लावला. उभ्या जन्मात कुणी माझ्या कामाची इतक्या काळजीने, इतका सांगोपांग विचार करून वाट लावली नव्हती. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण थिनरची बाटली माझ्या पिशवीत होती आणि ती न उघडणारी मी होते. मला आधी हसू फुटलं, मग त्यांना फुटलं, आणि आम्ही दोन म्हातारी माणसं त्या वासात खोकत खोकत इतकी हसलो की समोरच्या घरातून कुणीतरी "एनायतु? काय झालं?" असं ओरडून विचारलं.

हसून झाल्यावर ते शेगडीकडे वळले. "म्हणजे शेगडी गेली."

"गेली कशाने? मालतीताई कधी येतात?"

"उद्या संध्याकाळी चारला."

शेगडी गार व्हायला दुपार लागणार आणि संध्याकाळी माझ्या घरी पूजा. मी हिशेब बांधला. पाडव्याला सकाळी आठला यायचं, तेवढी बाजू खरवडायची, थिनर मारायचं, रंग द्यायचा. चारला आग नाही लावायची, नुसती शेगडी दाखवायची. धुराचं मी शपथेवर सांगेन. "तुम्ही काहीही करू नका," मी दोनदा म्हटलं.

पाडव्याला आठ वाजता मी ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन दारात उभी राहिले तर आत शेगडी ढणढण पेटलेली. वर चहाचं पातेलं.

"हे काय?"

त्यांनी भिंतीवरच्या माझ्याच कागदाकडे बोट दाखवलं. "तेरवा दुसरी आग. तुमच्या अक्षरात आहे." काहीही करू नका हे मी तोंडी सांगितलं होतं, आणि शास्त्रज्ञ माणूस लेखी मजकूर मानतो.

त्या तापलेल्या लोखंडाला आता दुपारपर्यंत हात लागणार नव्हता. आम्ही एकमेकांकडे बघत असतानाच फाटक वाजलं. सलीमभाई गुजरीवाले, बरोबर हातगाडी. मालतीताईंनी सांगितलेला दिवस. पन्नाशीचा, पांढरी दाढी, अदबीचा माणूस. आत आला, शेगडीला हात लावला आणि उडी मारून मागे झाला. "अय्यो अक्का, ये तो जल रही है! इसको कैसा उठाना?"

"नाहीच उठवायचं," विनायकराव म्हणाले.

"अम्मा बोले थे उठाना."

"अम्मा चारला येणार आहेत."

"सरी, बैठता मैं," म्हणून सलीमभाई खुर्ची ओढून बसले. त्यांना बशीभर फराळ दिला. चकली मोडता मोडता त्यांनी शेगडीकडे पाहिलं, तो हात पाहिला, आणि सभ्यपणे काही विचारलं नाही.

आणि साडेनऊला रिक्षा थांबली. मुलीने आईला लवकरच्या विमानात बसवून दिलं होतं आणि बाबांना सरप्राइझ द्यायचं म्हणून कळवलं नव्हतं. मालतीताई दोन पिशव्या घेऊन आत आल्या. ठेंगण्या, चष्मा, कपाळावर आठ्या घालूनच. बघतात तर सकाळच्या गारठ्यात सगळ्या खिडक्या उघड्या, नवरा स्वेटरवर शाल घेऊन उभा, गुजरीवाला चकली खातोय आणि एक अनोळखी बाई हातात तारेचा ब्रश घेऊन आगीपुढे बसलेली.

त्यांनी आल्याबरोबर खोकायला सुरुवात केली. दोनदा खोकल्या आणि थांबल्या. छताकडे पाहिलं. पडद्यांकडे पाहिलं. नाक वर करून हुंगलं. "धूर कुठाय?"

"वर गेला," विनायकराव म्हणाले.

"सगळा?"

"सगळा."

मी ओळख करून दिली आणि एका दमात सांगायला लागले, घरटं, दोरी, धुराडं, आणि एका बाजूला जरा रंग सुटलाय तो मी संध्याकाळपर्यंत. माझं वाक्य हवेतच राहिलं, कारण मालतीताई ऐकत नव्हत्या. त्यांना तो हात दिसला होता. काळ्या शेगडीवर उघड्या लोखंडाचा पंजा, मोठा, बोटं फाकलेली.

त्या जवळ गेल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"पाणी खरंच भरलं होतंत?"

"हो."

"तुम्ही?"

"मग काय सलीमभाईंनी?"

"तेलात कालवलंत?"

"थोडं."

"किती?"

"वाटीभर."

"वाटीभर!" मालतीताई कडाडल्या. "अहो, पाण्याचं बोट लागतं नुसतं! अठ्ठेचाळीस वर्षं समोर बसून बघताय ना? अठ्ठेचाळीस वर्षं म्हणतेय, एकदा तरी हात लावा म्हणून, आणि लावला तो मी नसताना!" आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. त्यांनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतात, मग खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की हसतात, आणि नीट पाहिलं तेव्हा दोन्ही चाललं होतं. विनायकराव गडबडून पातेल्यातला चहा गाळायला धावले. घाईत अर्धा चहा बशीत गेला. त्यांनी ती कपबशी तशीच त्यांच्यापुढे धरली. मालतीताईंनी आधी बशीतला प्यायला, मग कपातला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी कबूल करते. वासामुळे, असं मी त्या दिवशी सांगितलं होतं.

सलीमभाईंनी घसा खाकरला. "अम्मा, मैं क्या करूं?"

मालतीताईंनी डोळे पुसले आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "नाळे बन्नी." उद्या या.

सलीमभाई खो खो हसत सुटले. बेंगळुरूच्या जुन्या वस्त्यांतली माणसं दारावर 'नाळे बा', उद्या ये, असं लिहून ठेवत. दारावर आलेलं भूत ते वाचून परत जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, पुन्हा वाचायचं आणि पुन्हा जायचं. तो उद्या कधीच उजाडत नसे. सलीमभाईंनी उरलेली चकली खिशात टाकली, शेगडीला लांबूनच सलाम केला आणि रिकामी हातगाडी घेऊन गेले.

मी मात्र अडून बसले. "एवढा भाग मला खरवडून नीट करू द्या. माझ्या हातचं काम असं राहिलेलं मला चालत नाही."

"बाकी सगळं करा," मालतीताई म्हणाल्या. "एवढा हात सोडून."

"उघडं लोखंड गंजेल."

"मग तेल लावायचं. बोटभर. ते लावतील."

मी त्या हाताच्या कडेकडेने, एकेका बोटाभोवती कागद चिकटवून बाकीची बाजू रंगवली. आयुष्यात पहिल्यांदा दोष जपून काम केलं आणि मला ते विलक्षण आवडलं.

तेव्हापासून दर थंडीआधी मी त्या घरी जाते. धुराडं घासते, दोरी बघते. त्या पंजावर मला आजवर गंजाचा ठिपका सापडलेला नाही. यंदा शेगडीला नव्याने रंग द्यायची वेळ आली. मी या खेपेला थिनरची बाटली आधीच काढून ठेवली, सगळी बाजू दोनदा पुसली आणि हात धुवायला आत गेले. बाहेर येऊन रंगाचे तीन थर दिले. पहिल्या आगीला अर्धा तास झाला असेल. विनायकरावांच्या हाताशेजारी फुगे आले, पापुद्रे गुंडाळत सुटले आणि खालून पाच बारीक बोटं बाहेर पडली. मी मागे वळून पाहिलं. मालतीताई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि उजवा हात सावकाश पदराला पुसत होत्या.